ओबडधोबड वस्तूचं आकारमान पाण्यात मोजताना: पातळी वाचायची की वजन?

मोजमाप (इंदूर)

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात आकारमानाचा प्रयोग बहुतेक एकाच पद्धतीने मांडतात. मोजपात्रात पाणी घ्यायचं, त्यात दगड सोडायचा आणि पातळी किती वाढली ते वाचायचं. मुलांना कल्पना कळायला हे उत्तम. पण आलेल्या आकड्यावरून घनता काढून वस्तू कशाची आहे हे ठरवायचं असेल, तर ही पद्धत लगेच तोकडी पडते. १०० मिलीच्या मोजपात्राचा आतला व्यास साधारण २८ मिमी असतो, म्हणजे पातळी १ मिमीने चुकली की ०.६ मिलीचा फरक पडतो. शिवाय ‘अ’ वर्गाच्या काचेच्या पात्रालाही ±०.५ मिली मुभा असते, ‘ब’ वर्गाला ±१ मिली. पाणी काचेपाशी वर चढलेलं असतं, डोळा जरा वर-खाली झाला की रेघ सरकते, आणि वाचन दोनदा घ्यायचं असल्यामुळे चुकायची संधीही दोनदा मिळते. १० घनसेंमीच्या तुकड्यात ७-८ टक्के चूक सहज होते. पितळ (८.५) आणि लोखंड (७.८७) यांच्या घनतेत फरकच तेवढा आहे.

म्हणून माझं म्हणणं असं की पातळी वाचूच नका, वजन वाचा.

काट्यावर पाण्याचं भांडं ठेवायचं आणि वस्तू दोऱ्याने वरून लटकवून पाण्यात पूर्ण बुडवायची. तळाला टेकू द्यायची नाही, कडेला लागू द्यायची नाही. पाणी वस्तूला जितक्या जोराने वर ढकलतं तितक्याच जोराने वस्तू पाण्याला खाली दाबते, आणि तो दाब काट्यावर उमटतो. वस्तूचं स्वतःचं वजन दोरा पेलतो. त्यामुळे काट्यावर वाढलेले ग्रॅम म्हणजे बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. त्याला पाण्याच्या घनतेने भागलं की आकारमान हातात.

सामान: ०.०१ ग्रॅम दाखवणारा ५०० ग्रॅमचा काटा, २५० मिलीचं प्लॅस्टिकचं चंचुपात्र (काचेचं जड असतं, काट्याची क्षमता उगाच खातं), ०.२ मिमीचा तंगूसचा दोरा, एक तापमापी, आणि दोरा अडकवायला आडवा दांडा असलेला स्टँड. स्टँड टेबलावर उभा राहिला पाहिजे, काट्याच्या ताटलीवर नाही. ताटलीवर ठेवला तर वस्तूचं सगळं वजन काट्यावरच येतं आणि मापाला अर्थ उरत नाही.

पितळी बाळकृष्णाचं उदाहरण घेऊ. कोरड्या मूर्तीचं हवेतलं वजन ३१२.४० ग्रॅम. भांडं, पाणी आणि पाण्यात बुडालेलं रिकामं दोऱ्याचं टोक मिळून २६८.३५. मूर्ती बुडवून लटकवल्यावर ३०५.०२. फरक ३६.६७. पाणी २८ अंशांवर, म्हणून घनता ०.९९६२. आकारमान ३६.८१ घनसेंमी, घनता ८.४९. म्हणजे पितळ, आणि भरीव.

पाण्याची घनता १ धरू नये. २० अंशांना ०.९९८२, २५ ला ०.९९७०, ३० ला ०.९९५७, ३५ ला ०.९९४०, ४० ला ०.९९२२. गच्चीवरच्या टाकीतून मे महिन्यात येणारं पाणी घेतलंत तर जवळजवळ पाऊण टक्का चूक केवळ इथेच होते. क्षारांची मात्र काळजी नको. नर्मदेचं नळाचं पाणी चालतं. लिटरला ३०० मिलिग्रॅम क्षार असले तरी घनता जेमतेम ०.०२-०.०३ टक्क्याने वाढते.

सच्छिद्र दगड, तरंगणारं लाकूड, पाण्यात विरघळणाऱ्या वस्तू आणि काट्यावर न मावणाऱ्या वस्तू, या चार बाबतींत जाणकारांनी भर घालावी.

चंचुपात्र (इंदूर)

पद्धत बरोबर आहे. पण शाळेत काटा नसेल तर तोटीचं भांडं आहेच की. काठोकाठ भरायचं, वस्तू सोडायची, तोटीतून सांडलेलं पाणी मोजायचं. आर्किमिडीजनेही हेच केलं असं सांगतात.

मोजमाप (इंदूर)

तोटीच्या भांड्याची खरी अडचण तोटीच्या ओठाशी आहे. पाणी ओठावर फुगून उभं राहतं आणि मग एकदम सुटतं. थांबतानाही प्रत्येक वेळी वेगळ्या उंचीवर थांबतं. १० सेंमी व्यासाच्या भांड्यात पृष्ठभाग ७८.५ चौरस सेंमी. पातळी अर्ध्या मिलिमीटरने वर-खाली थांबली तरी जवळपास ४ मिली पाणी कमी-जास्त पडतं. तोटीला लोंबणारा शेवटचा थेंब (सुमारे ०.०५ मिली) त्यापुढे काहीच नाही, आणि सगळेजण काळजी नेमकी त्या थेंबाची करतात.

वापरायचंच असेल तर भांडं अरुंद घ्या, वस्तू जेमतेम मावेल इतकं. तोटी बारीक आणि खाली वळलेली हवी. पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाका म्हणजे पृष्ठताण निम्म्याहून खाली येतो आणि पाणी ओठावर फुगत नाही. आधी एकदा पाणी सांडू देऊन तोटी ओली करून घ्या, निथळायला दोन मिनिटं द्या, मगच वस्तू सोडा. सांडलेलं पाणी मोजपात्रात न मोजता कोरड्या वाटीत धरून तोला.

आर्किमिडीजने राजाच्या सोन्याच्या मुकुटातली भेसळ सांडलेल्या पाण्यावरून ओळखली, त्या गोष्टीबद्दल. ती व्हिट्रुव्हिअस या रोमन वास्तुविशारदाने लिहून ठेवली, आर्किमिडीजनंतर सुमारे दोन शतकांनी. हिशोब करून बघा. १ किलो शुद्ध सोनं म्हणजे ५१.८ घनसेंमी. त्यात ३० टक्के चांदी मिसळली तर ६४.८. फरक १३ घनसेंमीचा. मुकुट मावायला भांडं निदान २० सेंमी व्यासाचं हवं, आणि त्यात हा फरक पातळीत ०.४ मिमी दिसतो. ओठावरचं पाणीच त्याहून जास्त डगमगतं. गॅलिलिओला हे खटकलं होतं. १५८६ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्याने पाण्यात वजन करायच्या तराजूचं वर्णन लिहिलं. दांडीवर बारीक तार गुंडाळून तिचे वेढे मोजायचे, म्हणजे एका वेढ्याच्या जाडीइतका बारीक फरकही वाचता येतो. म्हणजे त्यानेही शेवटी वजनच वाचलं.

काटेवाला (इंदूर)

काट्याबद्दल थोडं लिहितो, कारण ही पद्धत बिघडते ती बहुतेक काट्यामुळे.

स्वस्त डिजिटल काट्यांत शून्य आपोआप धरून ठेवायची सोय असते. आकडा शून्याच्या आसपास असताना हळूहळू होणारा बदल काटा ‘सरकला’ असं समजून गिळून टाकतो. तुम्ही भांडं ठेवून टेअर (आकडा शून्यावर आणायचं बटण) दाबलं आणि लहानशी वस्तू फार सावकाश पाण्यात सोडली, तर सुरुवातीचे दोन-चार शतांश गायब होतात. ४ ग्रॅमच्या अंगठीत तेवढ्याने सगळं उत्तर बदलतं. म्हणून टेअर दाबूच नका. वर मोजमापदादांनी केलंय तसं भांड्यासकट पूर्ण आकडा लिहा आणि वजाबाकी कागदावर करा.

पंखा बंद. वाऱ्याने आकडा नाचतो हे दिसतं, पण पंख्याखाली पाण्याची वाफही होत असते हे दिसत नाही. उन्हाळ्यात चंचुपात्रातून मिनिटाला दोन-तीन शतांश ग्रॅम सहज उडतात. म्हणून आधीचा आकडा आणि नंतरचा आकडा यांत अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त वेळ जाऊ देऊ नका. वस्तू बाहेर काढली की ती पाणी घेऊन जाते, तेव्हा दुसऱ्या फेरीसाठी सुरुवातीचा आकडा पुन्हा घ्यायचा. जुनाच वापरला की दुसरं माप कमी येतं, तिसरं आणखी कमी.

काटा सुरू करून दहा मिनिटं थांबा, पाये समतल करा, आणि २०० ग्रॅमच्या प्रमाणित वजनाने तपासा. १ ग्रॅमचा स्वयंपाकघरातला काटा १०० घनसेंमीच्या वर ठीक आहे, त्याखाली नको.

बेअरिंग (इंदूर)

वजनाने काटा तपासला तरी दोरा, बुडबुडे, तापमान हे सगळं तपासायचं राहतं. त्यासाठी पोलादी बेअरिंगची गोळी वापरा. १ इंची गोळी, म्हणजे व्यास २५.४० मिमी. बेअरिंगच्या गोळ्यांचा व्यास मायक्रॉनपर्यंत अचूक असतो, त्यामुळे आकारमान सूत्रानेच मिळतं, ८.५८ घनसेंमी. २८ अंशांच्या पाण्यात काट्यावर ८.५५ ग्रॅमची वाढ दिसली पाहिजे. ८.५३ ते ८.५७ मध्ये आली तर तुमची मांडणी नीट आहे. ८.६५ आली तर बुडबुडा आहे. ८.४ आली तर गोळी पूर्ण बुडाली नाही किंवा पाणी बाहेर उडालं. ६७ ग्रॅमच्या आसपास वाढ दिसली तर गोळी तळाला टेकली.

गोळीला दोरा बांधता येत नाही. बारीक तांब्याच्या तारेची तीन फासांची टोपली करा आणि टोपली बुडालेली असतानाच सुरुवातीचा आकडा घ्या. गोळी टाकल्यावर पातळी २ मिमी वाढते आणि तारेचा तेवढा जादा भाग बुडतो, पण ०.३ मिमीच्या तारेसाठी तो हिशोबात घ्यायच्या लायकीचा नसतो.

वेधशाळा (बडोदा)

दोऱ्याचं उलटं होतं, आणि ते बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. दोऱ्याचं आकारमान नगण्य असतं. ०.५ मिमीचा दोरा २ सेंमी बुडाला तर ०.००४ घनसेंमी. पण पाणी दोऱ्याला चिकटून वर चढतं आणि पृष्ठताणाचा ओढा ०.०११ ग्रॅमच्या आसपास असतो, म्हणजे आकारमानाच्या जवळपास तिप्पट. दोरा खाली जाताना हा ओढा वेगळा, वर येताना वेगळा. ०.२ मिमीच्या तंगूसला तो ०.००५ च्या खाली येतो. सुती दोरा तर वापरूच नये, तो पाणी पितो आणि आकडा सरकत राहतो.

वर सांगितलेला लिक्विडचा थेंब इथेही कामाला येतो. एका थेंबाने पाण्याच्या घनतेत मोजण्यासारखा फरक पडत नाही. फक्त फेस होईल असं ढवळू नका.

बुडबुड्यांचं एक सोपं तत्त्व लक्षात ठेवा. भांड्याच्या भिंतीला लागलेला बुडबुडा निरुपद्रवी. तो पातळी वाढवतो, वजन नाही, आणि आपण पातळी वाचतच नाही. वस्तूला चिकटलेला बुडबुडा मात्र तिच्या आकारमानात मिळतो. २ मिमीच्या बुडबुड्याने ०.००४, ४ मिमीच्या बुडबुड्याने ०.०३ घनसेंमीची भर पडते. नळाच्या ताज्या पाण्यात विरघळलेली हवा जास्त असते आणि पाणी कोमट होताना ती वस्तूवर दाण्यादाण्याने उगवते. पाणी उकळून, झाकून, खोलीच्या तापमानाला आणा. वस्तू आधी वेगळ्या वाटीत त्याच पाण्याने मऊ ब्रशने घासून ओली करा आणि ओलीच भांड्यात उतरवा. अर्थात कोरडं वजन त्याआधी झालेलं असलं पाहिजे.

सराफ्यालगत (इंदूर)

सोन्याचांदीबद्दल खूप जणांचा असा समज असतो की पाण्यात तोललं की कॅरेट कळतं. कुठे कळतं आणि कुठे नाही, ते आकड्यांतच बघा.

सोनं १९.३२, चांदी १०.४९, तांबं ८.९६. २२ कॅरेट म्हणजे हजारात ९१६ सोनं. उरलेलं सगळं तांबं असेल तर घनता १७.६, सगळी चांदी असेल तर १८.०. १८ कॅरेटला १५ ते १६. म्हणजे दोन्हींत अंतर आहे खरं. पण ४ ग्रॅमची २२ कॅरेट अंगठी पाण्यात तोलली तर काट्यावर ०.२२ किंवा ०.२३ वाढ दिसते. ०.२२ ला घनता १८.१, ०.२३ ला १७.३, ०.२४ ला १६.६, ०.२५ ला १५.९. शेवटचा आकडा दोनने हलला की २२ चं १८ होतं. त्यासाठी ०.००१ चा काटाच हवा, नाहीतर निदान ३०-४० ग्रॅमच्या बांगड्या एकत्र लटकवा.

चांदीत वेगळाच पेच आहे. ९२५ ची चांदी १०.३६, आणि ८०० ची, म्हणजे पाचवा हिस्सा तांबं असलेली, १०.१४. फरक दोनच टक्के. पैंजणाच्या साखळीत अडकलेली हवाच तेवढी चूक करते. मात्र पैंजण चांदीचे की जर्मन सिल्व्हरचे (८.५-८.७) हे पाण्यात एका मिनिटात कळतं.

खडे, लाख भरलेल्या बांगड्या, पोकळ मणी यांना ही पद्धत लावू नका. आणि टंगस्टनची घनता १९.२५ आहे, सोन्याच्या इतकी जवळ की घरच्या पाण्याच्या मापाला दोन्हींत फरक कळत नाही. वळ्यात टंगस्टन भरलं असेल तर ते कापून बघितल्यावर किंवा ध्वनिलहरींच्या तपासणीतच कळतं. क्ष-किरणांनी धातू ओळखणारं एक्सआरएफ यंत्रही फक्त वरचा पातळ थर वाचतं.

मोजमाप (इंदूर)

बर्तन बाजारात मूर्ती घेताना भरीव की पोकळ हा प्रश्न नेहमी येतो, त्यालाही हाच हिशोब. वरच्याच ३१२.४० ग्रॅमच्या मूर्तीचं आकारमान ५२ घनसेंमी आलं असतं तर? पितळाचं ३१२.४० ÷ ८.५ = ३६.७५. उरलेली १५.२५ घनसेंमी आतली बंद पोकळी. बूड उघडं असेल तर मूर्ती आडवी करून पाण्यात उतरवा, हवा निघून जाऊ द्या, मग सरळ करा. उभी उतरवली तर पोटातली हवा तशीच राहते आणि उघडी मूर्तीही ‘बंद पोकळ’ दिसते.

किल्ल्याखाली (ग्वाल्हेर)

सच्छिद्र दगडाबद्दल. आमच्याकडचा वालुकाश्म पाणी पितो, त्यामुळे ‘आकारमान किती?’ या प्रश्नाला दोन उत्तरं असतात: बाहेरच्या कवचाचं आकारमान, आणि पाणी शिरू शकेल ती छिद्रं वगळून उरलेल्या घन भागाचं.

कोरडा दगड सरळ पाण्यात लटकवला तर काट्यावर हे दोन्ही एकामागून एक दिसतात. बुडल्या क्षणी आकडा बाहेरच्या आकारमानाइतका वाढतो. मग बुडबुड्यांच्या माळा निघायला लागतात आणि आकडा उतरू लागतो, कारण भांड्यातलं पाणी दगडात जातं आणि ते पाणी आता दोरा पेलतो. जितके ग्रॅम उतरले तितकं पाणी दगडाने प्यायलं. समजा पहिली वाढ ७९.७ आणि दोन तासांनी ७४.१, तर ५.६ ग्रॅम पाणी आत गेलं. वर्गात दाखवायला हे फार सुंदर आहे. पण अचूक मापासाठी यावर विसंबू नये. एक म्हणजे पहिला क्षण पकडता येत नाही. दुसरं, उन्हाळ्यात इथल्या कोरड्या हवेत दोन तासांत भांड्यातून उडालेलं पाणी आणि दगडाने प्यालेलं पाणी वेगळं ओळखता येत नाही.

नीट करायचं तर असं. दगड ओव्हनमध्ये १०५-११० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा आणि तोला. २४ तास पाण्यात बुडवून ठेवा. बाहेर काढून ओल्या, घट्ट पिळलेल्या फडक्याने टिपा, पृष्ठभागावरची चमक जाईपर्यंतच, आणि लगेच तोला. मग पाण्यात लटकवून काट्यावरची वाढ घ्या. भिजलेला दगड आता आणखी पाणी पीत नाही, म्हणून ही वाढ स्थिर राहते आणि बाहेरचं आकारमान देते. भिजलेल्या आणि कोरड्या वजनातला फरक म्हणजे छिद्रांतलं पाणी. बाहेरच्या आकारमानातून तेवढं वजा केलं की घन भाग मिळतो. टिपण्यातच सगळं कौशल्य आहे. कोरड्या फडक्याने टिपलंत तर ते छिद्रांच्या तोंडचं पाणीही ओढतं, आणि पाणी शोषण्याची टक्केवारी खोटी कमी येते.

गिट्टी (इंदूर)

ताईंनी सांगितलं तेच खडीसाठी भारतीय मानक २३८६, भाग ३ मध्ये आहे, १९६३ सालचं. दोन किलोपेक्षा कमी नमुना नाही, धुऊन तारेच्या टोपलीत घालायचा, पाणी २२ ते ३२ अंशांमध्ये. टोपली बुडवल्याबरोबर तळापासून २५ मिमी उचलून सोडायची, सेकंदाला एकदा अशी २५ वेळा. खड्यांच्या मधली हवा यानेच निघते. आणि हीच पायरी लोक उरकून टाकतात. मग २४ तास भिजवण.

माळव्यातला काळा पाषाण दाट असेल तर २.८ ते ३.० येतो. २.५ च्या खाली आला तर दोन शक्यता: दगड फोडाफोडांचा, आत हवेच्या पोकळ्या असलेला आहे, नाहीतर टोपली आपटलीच नाही. नमुना तोच ठेवून टोपली पुन्हा २५ वेळा आपटा. आकडा सुधारला तर दोष दगडाचा नव्हता.

चंचुपात्र (इंदूर)

मातीची पणती, कच्ची वीट, शाडूचा तुकडा? हे २४ तास भिजवले तर चिखल होईल.

किल्ल्याखाली (ग्वाल्हेर)

भाजलेली पणती भिजवता येते. कच्च्या मातीला मेणाचा लेप द्या. तुकडा तोला, दोरा बांधा, वितळलेल्या पॅराफिन मेणात एकदा बुडवून काढा, गार झाल्यावर पुन्हा तोला. वजनातली वाढ ÷ ०.९ म्हणजे मेणाचं आकारमान, ते शेवटी वजा करायचं. मेण गोठायच्या बेताला आलेलं हवं. धूर निघेल इतकं तापवलं तर ते पाण्यासारखं पातळ होऊन छिद्रांत शिरतं, आणि बाहेरच्या थराऐवजी आतलं मेणही वजा होतं. लेपात टाचणीएवढं भोक राहिलं तर काट्यावरचा आकडा उतरताना दिसतो. तसं दिसलं की तो तुकडा बाद.

वेधशाळा (बडोदा)

तरंगणाऱ्या वस्तूंचं. पुस्तकांत बुडीत वजन बांधायची रीत देतात, म्हणजे आधी शिसं एकटं, मग शिसं आणि लाकूड मिळून. काट्यावर भांडं असताना याची गरजच नाही. लाकूड वरून सुयांनी दाबून पूर्ण बुडवा. काट्यावरची वाढ तरीही बाजूला सारलेल्या पाण्याचीच असते. वस्तू दोऱ्याने वर धरलेली आहे की सुईने खाली दाबलेली, याने काही बदलत नाही.

एका फळीच्या तुकड्यात तीन सुया त्रिकोणात रोवा आणि तो तुकडा स्टँडच्या दांड्याला पक्का बसवा. हाताने दाबलंत तर हाताच्या थरथरीने आकडा ठरत नाही. सुया आधी तेवढ्याच खोल बुडवून सुरुवातीचा आकडा घ्यायचा. एकाच सुईने दाबलं तर लाकूड गिरकी घेऊन कडेला लागतं.

लाकूडही पाणी पितं, विशेषतः कापलेल्या टोकांनी. दहा-पंधरा सेकंदांत वाचून काढा, किंवा टोकांना आधी पातळ वार्निश द्या. सागवान ०.६ ते ०.७ येतं. थर्मोकोलसारख्या हलक्या वस्तूंत हवेचा तरंगही मोजावा लागतो. १ घनसेंमी हवा ०.००१२ ग्रॅम, तेव्हा थर्मोकोलच्या हवेतल्या वजनाला पाच-सात टक्क्यांची चूक फक्त त्यानेच येते. पितळाला तीच चूक टक्क्याच्या शंभराव्या भागाएवढी असते.

गिट्टी (इंदूर)

मोठ्या वस्तू. पाट्यावरचा वरवंटा समजा ३.२ किलोचा. लोक प्रवासाच्या बॅगा तोलायचा लटकता काटा घेऊन हवेत एकदा आणि पाण्यात एकदा तोलतात. तो १० ग्रॅमने मोजतो आणि दोन वाचनं वजा करायची, म्हणून १.१ लिटरला २० मिली चूक धरा. त्याऐवजी १० किलोच्या, १ ग्रॅमने मोजणाऱ्या काट्यावर ५ लिटर पाण्याची बादली ठेवून वरवंटा छताच्या हुकाला किंवा दोन खुर्च्यांवर ठेवलेल्या काठीला टांगा. चूक २ मिलीवर येते. बादलीची कडी खाली पाडून ठेवा. ती दोरीला लागली की आकडा हलतो.

पाकशाळा (इंदूर)

विरघळणाऱ्या वस्तूंसाठी तेल. माळव्यात सोयाबीन तेल घरोघरी आहे, तेच घ्या. घनता ०.९२ च्या आसपास असते, पण पिशवीवरच्या आकड्यावर जाऊ नका. वर सांगितलेली १ इंची गोळी तेलात लटकवा. वाढ ÷ ८.५८ हीच तुमच्या तेलाची त्या वेळची घनता. ७.८७ वाढ आली तर ०.९१७. तेल तापमानाला पाण्यापेक्षा जास्त संवेदनशील आहे, अंशाला साधारण ०.०००७. पाच अंशांचा फरक पडला तर गोळी पुन्हा तोलायची.

खडीसाखर यात छान मोजता येते. दाट स्फटिकाची घनता १.५९ आली पाहिजे. १.५० आली तर खड्यात हवेच्या फटी आहेत. मिठाचा खडा २.१६. गुळाच्या ढेपेचा तुकडा मात्र आत हवा धरतो आणि तेल घट्ट असल्याने बुडबुडे सावकाश निघतात, तेव्हा बुडवल्यावर दोन-तीन मिनिटं थांबा. रॉकेलमध्ये बुडबुडे झटपट सुटतात, पण ज्वालाग्राही आहे, गॅसच्या शेगडीजवळ नको, आणि मोजलेली वस्तू खाण्यात वापरायची नाही.

चंचुपात्र (इंदूर)

पाव किंवा कचोरी? तेलातही भिजणार, मेणही नको.

पाकशाळा (इंदूर)

त्याला मोहरी. पावाचं आकारमान अशा दाण्यांतच मोजतात, दाणा गोल, कोरडा आणि एकसारखा असतो म्हणून. वस्तूपेक्षा सगळ्या बाजूंनी बोटभर मोठा डबा घ्या. दर वेळी एकाच उंचीवरून, एकाच नरसाळ्यातून मोहरी ओता, डबा आपटू नका, पट्टीने काठाच्या रेषेत एकदाच ओढून सपाट करा. भरलेल्या मोहरीचं वजन घ्या. त्याच डब्यात पाणी भरून त्याचं आकारमान काढून ठेवा, म्हणजे १ घनसेंमी मोहरी किती ग्रॅमची ते कळेल. आता तळाला मोहरीचा थर द्या, त्यावर कचोरी ठेवा, वरून तशीच ओता आणि सपाट करा. कचोरी असताना जितके ग्रॅम मोहरी कमी मावली, त्याला १ घनसेंमी मोहरीच्या वजनाने भागलं की कचोरीचं आकारमान.

डब्याला नकळत धक्का लागला की दाणे बसतात, जास्त मोहरी मावते आणि कचोरी लहान भासते. पाच वेळा मोजून सरासरी घ्या, आणि पाचांतला सर्वांत मोठा व सर्वांत लहान आकडा ३ टक्क्यांपेक्षा जास्त लांब असेल तर ओतण्याची उंची तपासा. कचोरी पूर्ण गार झालेली हवी. गरम असली तर वाफेने मोहरी ओलसर होते, दाणे एकमेकांना चिकटतात आणि तीच मोहरी पुढच्या मापाला चालत नाही. ती पसरून वाळवायची, मग पुन्हा वजन-आकारमानाचा हिशोब नव्याने काढायचा.